पाण्यात पाय आपटता येत नाही

२ मार्च

वाढवून घेतलेली रजाही संपत आली आणि ही डायरी अजून कोरीच. बाळंतपणाच्या रजेवर निघाले तेव्हा गिरणीतल्या बायकांनी दिली होती. "बाळ काय काय करतं ते लिही आणि परत आलीस की आम्हाला वाचून दाखव." वाचून दाखव म्हणे! आमच्या मागांच्या शेडमध्ये कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही, तिथे माझं वाचन कोण ऐकणार?

पण आज लिहायला कारण घडलं. धाकटी आली होती. धाकटी म्हणजे माझी नणंद, ग्रंथालयात नोकरीला आहे. खुर्ची सरकली तरी लोक माना वर करून बघतात अशा जागी दिवस काढते, त्यामुळे आमच्या घरात पाऊल टाकलं की तिचं डोकं दुखायला लागतं. आमच्या घरात सगळे गिरणीचे. सासूबाई जन्मभर माग चालवून आता घरी बसल्यात. नवरा मागांची दुरुस्ती करतो. शेडमध्ये त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, मीही तिथेच म्हणायला शिकले आणि लग्नानंतर ते तसंच राहिलं. आणि आमची लेक बोंडू. जन्मली तेव्हा डोक्यावर पांढुरकी लव होती, सासूबाई म्हणाल्या, कापसाचं बोंड उमललंय नुसतं. झालं, कागदावरचं नाव कागदावरच राहिलं.

तर धाकटीने टूम काढली. रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावावर लहान बाळांचा तास असतो, बोंडूला न्यायचं. "आठ महिन्यांची झाली वहिनी, अगदी योग्य वय आहे." मी नाहीच म्हणणार होते. पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझी पाचावर धारण बसते, हे सगळ्या घराला माहीत आहे. पण मग वाटलं, माझी भीती हिच्यात कशाला उतरायला हवी? मी नळाखाली वाढले, ती तळ्यात वाढू दे. कामावर रुजू व्हायच्या आत एकदा तरी तिला पाण्यात सोडायचीच. ठरलं.

जाताना धाकटीने दारातून "बोंडू, येते हं" म्हणून हाक मारली. बोंडू माझ्या खांद्यावर, तिच्याकडे पाठ. तिने पुन्हा हाक मारली. मग म्हणाली, "वहिनी, ही हाकेला बघत नाही गं."

मी म्हटलं, तुझ्या ग्रंथालयातल्या आवाजात हाक मारलीस तर शेजारचं मांजरही बघायचं नाही.

४ मार्च

तयारी सुरू. मोठा टब आणला. बोंडूला त्यात बसवलं की खुशाल असते, हातांनी पाणी उडवते, माझं पातळ भिजवते. आज पहिल्यांदा डोक्यावरून तांब्याभर पाणी ओतलं. धाकटीने सांगितलंय, ओतायच्या आधी रोज एकच शब्द म्हणायचा, म्हणजे बाळाला कळतं की आता पाणी येणार आणि ते श्वास धरतं. मी "धर!" म्हणते. बोंडूला ठसका लागला, लाल झाली, रडली. मीही रडले. सासूबाईंनी येऊन तांब्या हातातून घेतला आणि स्वतः तिच्या समोर बसल्या. मोठ्ठं तोंड उघडून, गाल फुगवून दाखवले आणि मगच पाणी ओतलं. बोंडूने हुबेहूब गाल फुगवले. एक थेंब नाकात गेला नाही.

मी म्हटलं, आई, तुम्ही 'धर' कुठे म्हणालात? त्या म्हणाल्या, "म्हटलं की. मनात." आणि बोळक्याने हसल्या.

हीच आमच्या शेडची खोड. मागांच्या खडखडाटात शब्द वाया जातो, म्हणून तोंडं मोठी करून ओठांनी बोलायचं आणि बाकी हातांनी. बोटं पिळली की धागा तुटला. मूठ छातीवर म्हणजे मी आहे इथे. तळवा उलटा केला की पाळी संपली. हात उंचावून मनगट फिरवलं की इकडे ये. पाठमोऱ्या माणसाला बोलवायचं तर फळ्यांच्या जमिनीवर पाय आपटायचा, ते त्याच्या तळपायाला कळतं. घरी आल्यावरही आमचा आवाज कुठे दडी मारतो कोण जाणे. पाहुणे आले की म्हणतात, तुमच्याकडे भांडण चाललंय की नाटक?

७ मार्च

खालचे घड्याळवाले वर आले होते. घड्याळं दुरुस्त करतात, घरातच दुकान आहे. माणूस सज्जन, पण आज चेहरा अगदी एरंडेल प्यायल्यासारखा. म्हणाले, "वहिनी, दिवसभर तुमचं धाडधाड चालू असतं. डोळ्याला भिंग लावून मी केसाएवढा स्क्रू उचलतो आणि तुम्ही वरून पाय आपटता. आज तिसऱ्यांदा हातातून उडाला. शोधून द्या आता."

मला खरं तर हसू आलं. आम्ही सगळेच आपटतो. आमचं घरही जुन्या फळ्यांचं, वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघरातून सासूबाईंना बोलवायचं तर पाय आपटायचा, त्यांचे कान गिरणीने कधीच खाल्लेत. बोंडूला तर हा खेळच वाटतो. ती जमिनीवर बसलेली असते, मिस्त्री कामावरून येतो, दारात धाडकन पाय आपटतो, आणि ती गर्रकन वळून खिदळते. बापाचं पाऊल ओळखते पोरगी!

पण घड्याळवाल्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मिस्त्रीने संध्याकाळी गिरणीतून जाड नमद्याची चटई आणली, मागांखाली हादरे शोषायला घालतात ती. खोलीभर अंथरली. आता आपटा किती आपटायचं ते. बोंडू पडली तरी तिला लागायचं नाही.

८ मार्च

आज धाकटीबरोबर तलाव बघून आले. बोंडूला नेलं नाही, आधी मी बघणार मग लेकीला दाखवणार.

बाई गं, काय तो गोंगाट! वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली पाणी, आणि मधे सगळे आवाज कोंडलेले. पोरं किंचाळतायत, उड्या मारतायत. शिकवणाऱ्या बाई अंगाने दणकट, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी अशी वाजवतात की माझ्यासारखी मागवाली दचकली. बाळांच्या तासाला आठदहा बाळं होती. शिट्टी झाली की निम्मी भोकाड पसरायची.

मी कडेला उभी राहून पायाचं बोट तेवढं पाण्यात बुडवलं. धाकटी कपडे बदलून सरळ आत उतरली आणि मासोळीसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. हिला भीती कशी वाटत नाही? एकाच घरातली आम्ही, आणि मी कठडा धरून उभी.

एक कळलं. बोंडूला पाण्याची भीती नाही वाटायची, आवाजाची वाटेल. त्याची सवय आधी करून घ्यायला हवी.

११ मार्च

बोंडूला काय झालंय कळत नाही. चटई अंथरल्यापासून रुसल्यासारखी वागते. मिस्त्री येतो, पाय आपटतो, ही आपली त्याच्याकडे पाठ करून चमचा चाटत बसते. तो पुढ्यात येऊन बसला की मात्र आनंदाने वेडी होते. सासूबाई म्हणाल्या, बाप दिवसभर नसतो त्याचा राग असेल. मी म्हटलं, आत्यावर गेलीय, नाकावर राग.

आणि गप्प गप्पही झालीय. मागे आ-ऊ, बा-बा असं काय काय लावायची, पहाटे त्या बडबडीने जाग यायची. आता नुसती बघत राहते. माझ्या तोंडाकडे तर इतकी टक लावून बघते की मला माझीच लाज वाटते, दातात काही अडकलंय की काय म्हणून. शहाणी होतेय. मुली लवकर शहाण्या होतात.

१४ मार्च

आज गोंगाटाची तालीम. बोंडू टबात, तिचं तोंड खिडकीकडे, आणि मी तिच्या मागे उभी राहून पातेल्यावर डाव हाणला. पहिल्यांदा हळू. मग जोरात. मग स्टीलचं मोठं झाकण नि पितळी तांब्या एकमेकांवर असा आपटला की खालून घड्याळवाल्यांनी छताला काठी ठोकली.

बोंडूने मान वळवली नाही. भ्यायली नाही, दचकली नाही, पापणीसुद्धा लवली नाही. पाण्यातल्या उन्हाच्या तिरिपीला पकडत बसली होती. वाघीण आहे वाघीण! गिरणीचं रक्त आहे शेवटी. पोटात होती तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत मी मागावर उभी होते, तिथला खडखडाट ऐकून आलेली पोरगी. शिट्टीबाईंची शिट्टी हिच्यापुढे पाणी भरेल.

संध्याकाळी मिस्त्रीला कौतुकाने सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला. कौतुक करायला शिकवलंच नाही कुणी त्याला.

१६ मार्च

सोमवार, धाकटीची सुट्टी. आली. मी मोठ्या हौसेने तिला वाघिणीचा पराक्रम दाखवला. पुन्हा टब, पुन्हा झाकण आणि तांब्या. बोंडू आपली ढिम्म. मी धाकटीकडे बघितलं, म्हटलं आता टाळ्या वाजवेल. तर तिचा चेहरा पांढराफटक. कानांवर हात घेऊन भिंतीला टेकून उभी.

मग तिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि बोंडूच्या मागे वाजवला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मी म्हटलं हे काय नाटक? ती पुन्हा वाजवायला लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं. झालं ते लिहिते.

ती म्हणाली, "वहिनी, एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवू या."

मी म्हटलं, "तुझ्या डोक्याच्या डॉक्टरांना दाखव. लस द्यायला गेलो तेव्हा नर्सबाईंनी टाळी वाजवून बघितली होती, बोंडूने झटकन मान वळवली होती. सगळं ठीक आहे म्हणून त्यांनी सांगितलंय." आता टाळी वाजली तेव्हा सासूबाईंनी सवयीने बोंडू निजली होती त्या टेबलावर हात आपटला होता, ते सोडा. वळली की नाही वळली?

"वहिनी, तुला राग येणार मला माहीत आहे, पण..."

"माहीत आहे तर बोलतेस कशाला? तुला मूल नाही बाळ नाही, पुस्तकात वाचून दुसऱ्याच्या लेकरात खोट काढायला येतेस?"

हे मी बोलायला नको होतं. तोंडातून निघून गेलं. ती पर्स उचलून निघाली. सासूबाई आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होत्या. त्यांना ओठ चांगले वाचता येतात, सगळं कळलं असणार. टबाजवळ बसून बोंडूचे हात पुसत राहिल्या, कितीतरी वेळ, कोरडे झाले तरी.

१८ मार्च

मिस्त्री आज लवकर आला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. बोंडू चटईवर बसलेली, भिंतीकडे तोंड करून. तो दारात उभा राहिला. पाय आपटला नाही. तिचं नाव घेतलं, हळू. मग मोठ्याने. मग वाकून चटईचा कोपरा गुंडाळला, उघड्या फळीवर टाच हाणली, आणि बोंडू वळून हसली. त्याने चटई पुन्हा नीट केली, तिला उचलून पापा घेतला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसला.

मी हाक मारली जेवायला, तर म्हणाला, भूक नाही. गिरणीत काहीतरी बिनसलं असेल. विचारलं तरी सांगायचा नाही, घुम्या आहे.

२१ मार्च

उद्या रविवार. जाऊ नये असं वाटतंय. धाकटीशी बोलणं नाही, मला पोहता येत नाही, मिस्त्रीलाही येत नाही, मग बोंडूला धरणार कोण?

सासूबाईंनी पोहायचा झगा शिवलाय, गिरणीतल्या लवचीक कापडाच्या तुकड्याचा. पिवळा. घालून बघितला तर बोंडू आरशासमोरून हलेना. सगळी तयारी पिशवीत भरली, पाण्यातली चड्डी, दोन पंचे, कोरडी टोपी, दुधाची बाटली. आणि मग पिशवीकडे बघत बसले.

संध्याकाळी मिस्त्री म्हणाला, "धाकटी येतेय उद्या. मी सांगून आलो. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण पाण्यात तिच्याजवळ राहा."

"आणि तुझी पाळी?"

"बदलून घेतलीय."

हा माणूस लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारची पाळी बदलून घ्यायला तयार नव्हता. माझ्या पाण्याच्या भीतीची एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

२२ मार्च

लिहिते. झालं तसं लिहिते.

सकाळी गेलो. धाकटी फाटकाशी उभी होती. मी खाली बघत "ये" म्हटलं, तीही "हं" म्हणाली. कपडे बदलून आत उतरलो. बाळांच्या बाजूला पाणी छातीपर्यंतच आहे, पण मला ते गळ्याशी आल्यासारखंच. एका हाताने कठडा धरलेला. मिस्त्री कपड्यांनिशी काठावर उकिडवा बसला होता. बोंडू धाकटीच्या हातात. पाय लागले पाण्याला आणि जी खुलली! हात आपटतेय, पाय झाडतेय, छपरावर पाण्यातल्या उजेडाची जाळी हलते तिच्याकडे बघून तोंडाचा आ करतेय. मी म्हटलं, जिंकलं. माझी भीती हिच्यात नाही आली.

शिट्टीबाईंनी पुढचा खेळ सांगितला. आईने मागे सरायचं. दुसऱ्या माणसाने बाळाला आईकडे पाठ करून धरायचं. आईने हाक मारायची, बाळ आवाजाकडे वळलं की त्याला तरंगत आईकडे सोडायचं. एकेक आई हाक मारत होती. बाळं वळत होती. कुणी लगेच, कुणी जरा वेळाने, एक गुटगुटीत पोरगा तर दोनदा आईकडे बघून पुन्हा उलटा फिरला, सगळे हसले.

माझी पाळी आली. मी कठडा सोडला आणि हाक मारली, "बोंडू!"

धाकटीने तिला अलगद धरलं होतं. ती वळली नाही.

मी पुन्हा मारली. मला वाटलं गोंगाट आहे. मोठ्याने मारली. मग शेडमधल्यासारखी ओरडले, अख्खा तलाव माझ्याकडे बघायला लागला, दुसऱ्या टोकाची पोरं उड्या मारायची थांबली. सगळीकडे एकदम शांत झालं आणि त्या शांततेत मी लेकीला हाक मारत होते, आणि ती छपरावरची जाळी बघत होती.

तेव्हा माझा पाय आपटला. मी नाही आपटला, तो आपटला, सवयीने. पण पाण्यात पाय आपटता येत नाही. तो जड होऊन हळूच खाली गेला आणि तळाला टेकला. काहीच झालं नाही. कुणालाच काही कळलं नाही.

मला कळलं. पातेलं, झाकण, टेबल, चटई, दारातला मिस्त्री, त्याचं न जेवणं, धाकटीच्या किल्ल्या, सगळं एकदम कळलं. त्याच वेळी बाईंनी शिट्टी वाजवली, पुढच्या आईसाठी. बाळं दचकली, दोन-तीन रडायला लागली. माझी वाघीण हसत होती.

धाकटी बोंडूच्या डोक्यावर हनुवटी टेकून रडत होती. काठावर मिस्त्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, आणि मला पाण्यात उभं राहून कळावं लागलं.

मग मी तळव्याने पाण्यावर फटका मारला. जोरात. पाणी हललं, लाट गेली, बोंडूच्या पाठीला लागली. आणि ती वळली. सगळं अंग फिरवून वळली आणि मला बघून खिदळली. मी मूठ छातीवर ठेवली. मी आहे इथे. तिने दोन्ही हात माझ्याकडे टाकले, धाकटीने सोडलं, आणि ती पिवळ्या झग्यात तरंगत माझ्याकडे आली. गाल फुगवून आली, आजीने शिकवलेले.

ती मला बिलगली तेव्हा लक्षात आलं की मी कठड्यापासून कितीतरी लांब उभी होते.

बाहेर आल्यावर धाकटीला म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोलले..." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. पंच्याने माझे केस पुसायला लागली, जोरजोरात, रागावल्यासारखी. आम्ही दोघी तशाच रडलो. लोक बघत होते. बघेनात का.

२६ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो, चौघं आणि बोंडू. यंत्र लावून तपासलं. दोन्ही कान. जन्मापासून. यंत्राने थोडं ऐकू येईल कदाचित, ऑपरेशनचंही बोलले, आणखी तपासण्या आहेत. माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं, धाकटी लिहून घेत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात एवढी माणसं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?" मला वाटलं जमीन दुभंगावी. मिस्त्रीने शेडचं सगळं सांगितलं. ओठांचं, हातांचं, पाय आपटायचं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "म्हणजे तुम्ही तिच्याशी पहिल्यापासून हातांनी बोलताय?"

मिस्त्री म्हणाला, "सगळ्यांशीच बोलतो."

२७ मार्च

आज पोळ्या लाटता लाटता एकदम आठवलं, मी तिला किती गायले. पहिल्या महिन्यापासून. माझा आवाज काही गोड नाही, पण रोज गायले, अंगाया, पाळणे, काही नाही सुचलं तर मागांच्या तालावर काहीही. त्यातलं एकही तिच्यापर्यंत गेलं नाही. लाटणं टाकून फतकल मारून बसले आणि गळा काढून रडले. आता लपवायचं काय, तिला तर ऐकू येत नाहीच आणि सासूबाईंनाही नाही. हे मनात आलं आणि आणखीच रडू आलं.

सासूबाई आल्या. त्यांना पाठीच्या हलण्यावरून कळतं. त्यांनी हातानेच विचारलं, काय? मी ओठांनी सांगितलं, गाणी. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "गाताना तिला कुठे धरायचीस?" मी छातीवर हात ठेवला. त्यांनी माझं डोकं ओढून स्वतःच्या छातीवर दाबलं आणि काहीतरी गुणगुणायला लागल्या, बेसूर, त्यांना स्वतःलाही ऐकू न येणारं. माझा कान त्यांच्या हाडाला लागला होता. ते गाणं मला कानाने कमी आणि गालाने जास्त येत होतं.

"पोचतं," त्या म्हणाल्या. "पोळी करपतेय बघ, मी बोंडूला बघते."

पोळी खरंच करपली होती.

३१ मार्च

उद्यापासून कामावर. पाळी सकाळची. रविवारी पुन्हा तलावावर गेलो होतो. शिट्टीबाईंनी बोंडूसाठी शिट्टी बंद करून पाण्यावर फटका मारायची पद्धत काढली, बाकीच्या बाळांनाही तीच आवडली, आता सगळी रडायची थांबलीत. मी हनुवटीपर्यंत गेले. श्वास धरून डोकं बुडवायचं मात्र अजून होत नाही.

आज संध्याकाळी दार वाजलं. घड्याळवाले. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलेलं, म्हणजे काम अर्धं टाकून आले होते. मला वाटलं पुन्हा काहीतरी आवाज झाला. मी आधीच म्हटलं, आज तर कुणी पातेलंसुद्धा ठेवलं नाही जोरात.

ते आत आले नाहीत. दारातूनच बोंडूकडे बघत राहिले. ती चटईवर पालथी, आपल्याच बोटांशी खेळत. म्हणाले, "धाकट्या ताई जिन्यात भेटल्या, त्यांनी सांगितलं." मिस्त्री उठून उभा राहिला.

घड्याळवाले म्हणाले, "ही चटई काढा."

मिस्त्री म्हणाला, "अहो, पण तुमचं काम..."

"मी टेबल खिडकीकडे हलवलंय, भिंतीला लावून. तिथे कमी हलतं. काढा म्हणतो ना." आणि स्वतःच वाकून एक कोपरा उचलायला लागले. म्हाताऱ्या माणसाला झेपेना, मिस्त्री धावला. दोघांनी मिळून चटई गुंडाळली आणि जिन्याशी उभी करून ठेवली. खाली जाता जाता ते म्हणाले, "खुशाल आपटा. स्क्रू मी शोधीन."

बोंडूला उघड्या फळ्यांवर बसवलं. तिने दोन्ही तळवे टेकवले आणि थांबली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मिस्त्री बाहेर गेला, कामावरून आल्यासारखा दारात आला, आणि धाडकन पाय आपटला. ती गर्रकन वळली.

मग सासूबाईंनी आपटला, मग मी. ती सगळ्यांकडे आळीपाळीने वळत होती, हसून हसून उचकी लागली तिला. शेवटी आम्ही थांबलो, दमलो होतो. खोली शांत झाली.

आणि तेवढ्यात खालून, आमच्या पायांखालच्या फळीला, काठीचे दोन ठोके बसले. बोंडूने खाली बघितलं आणि फळीवर हात ठेवला.